मान खाली गेली की कापायचं

आमच्या कंपनीच्या पाटीवर नावाखाली एकच ओळ आहे, ‘सहकुटुंब पाहण्यासारखे चित्रपट’. शहापूरला एसटी स्टँडजवळच्या गाळ्यावर ती लागली तेव्हा पेंटरला जागेचा अंदाज आला नव्हता, म्हणून ‘सहकुटुंब’ मोकळंढाकळं आणि ‘चित्रपट’ एकदम चेपलेलं. तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो. आता मी सासरहून, मुरबाडहून बसने येते, उतरल्याबरोबर ती पाटी दिसते आणि मी दुसरीकडे बघत गाळ्यात शिरते. दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, मला कंपनीचा इतिहास लिहून द्यायला सांगितलं. कुठल्याशा स्मरणिकेत छापायचा आहे म्हणे. त्याला हवा तसा मी तो लिहून दिला. हा दुसरा आहे.

सुरुवात लग्नाच्या शूटिंगपासून झाली. दादाने कॅमेरा घेतला. मी कॉम्प्युटर शिकलेली, म्हणून एडिटिंग माझ्या गळ्यात पडलं. एका हळदीत नवरीचा काका बाटली डोक्यावर ठेवून नाचला. तो भाग मी कापला, पण कापलेला तुकडा कॉम्प्युटरमध्येच राहिला आणि देताना भलतीच कॉपी गेली. नवरीच्या सासरी झाडून सगळे टीव्हीसमोर बसलेले आणि पडद्यावर काका! पुढे त्या पोरीला महिनोन्महिने टोमणे खावे लागले. आमच्या आईच्या कानावर ते गेलं. ती कधी आवाज चढवत नाही. म्हणाली, “घरात सगळ्यांनी बसून बघता येईल तेवढंच करा. बाकीचं ठेवूच नका रे.”

आमची कंपनी म्हणजे एवढंच वाक्य. पुढे आम्ही लहान चित्रपट करायला लागलो तेव्हा त्याचा रीतसर कायदा झाला. चित्रपट तयार झाला की पहिल्यांदा किन्हवलीला आमच्या घरी ओटीवर लावायचा. आम्ही त्याला पंगत म्हणायचो. आई खुर्चीत, शेजारी आमचे काका, खाली घरातल्या बायका नि पोरं. आई तोंडाने काही सांगायची नाही. तिला एखादी गोष्ट खटकली की तिची मान खाली जायची आणि ती पदराचा काठ चाचपायला लागायची. मी पडद्यावरची वेळ टिपून घ्यायची. मग तो तुकडा कापायचा आणि तिथल्या तिथे कार्डातून, डिस्कमधून पुसून टाकायचा. पुन्हा त्या नवरीच्या काकासारखा घोळ नको. पुसताना आई माझ्या मागे येऊन उभी राहायची आणि विचारायची, “गेलं?” मी म्हणायची, “गेलं.” मगच ती चुलीकडे वळायची.

या कायद्यावर आम्ही वाढलो, हे कबूल करायला हवं. देवळाच्या मांडवात पांढरं कापड बांधून चित्रपट दाखवले, मुरबाडात बचत गटांच्या हळदीकुंकवाला दाखवले, उंबरमाळीच्या डोंगरात जाऊन गाणी शूट केली. मोबाइलवर आमचं चॅनल निघालं. यांचं पिक्चर डोळे मिटून लावा, लेकीसुना बसल्या असल्या तरी धोका नाय, असं लोक सांगायचे. डोळे मिटून पिक्चर कसं बघणार, हे मी त्यांना विचारायची आणि तेही हसायचे.

सगळ्या चित्रपटांत सून एकच, माझी वहिनी. बाहेरची नटी आणायची तर आई नाही म्हणाली असती, आणि वहिनी दिसायला सात्त्विक. नवऱ्याचं काम करायला कल्याणहून एक जण येणार होता. तो ऐनवेळी फिरकला नाही, म्हणून दादाच उभा राहिला आणि मग दादाच राहिला. पडद्यावर दोघांचा जोडा लोकांना इतका आवडला की बाजारात बायका आपल्या नव्या सुनांना वहिनीकडे बोट दाखवून सांगायच्या, “बघ गो, अशी सून पायजे.”

आणि घरात दादा वहिनीशी बोलत नव्हता.

भांडण झालं असतं तर बरं. भांडण नव्हतंच. लग्नानंतर वर्षभरात त्याचं बोलणं कमी होत गेलं आणि एक दिवस संपलं. का, ते आम्ही कुणी विचारलं नाही. वहिनी समोर उभी असली तरी तो मला म्हणायचा, “तिला सांग, उद्या सहाला तयार राहा.” मी तिच्याकडे वळून म्हणायची, “वहिनी, उद्या सहाला.” पोपटच मी. सेटवर मात्र तो सगळ्यांना अहोजाहो करायचा, वहिनीलासुद्धा. “जरा हसा. माझ्याकडे बघा.” तिच्या वाट्याला नवऱ्याचे शब्द आले ते एवढेच.

पुढे एक मोठा चित्रपट आम्ही आमच्याच स्वयंपाकघरात शूट केला. कॅमेऱ्यामागे मी. शेवटच्या प्रसंगात नवरा जेवताना विचारतो, “तू सुखात आहेस ना?” आणि सून म्हणते, “हो.” एका शब्दाचं काम, पण वहिनीला ते जमेना. कधी उशिरा बोलायची, कधी ताटाकडेच बघत राहायची. सहा टेक वाया गेले. सातव्याला दादाने विचारलं आणि ती म्हणाली, “नाय.”

मला वाटलं ती चुकली. पण ती बोलत राहिली. “चार वर्षं झाली, तुमी माझ्याशी बोलत नाय. कॅमेरा लागला का बोलता. मी भाकरी वाढते ती भिंतीला वाढल्यासारखी. मला नाय ऱ्हायचं असं. मला माझ्या घरी जायचंय.” आवाज चढलेला नव्हता. भाकरीवरचं पीठ झाडावं तशा सहज हाताने तिने डोळे पुसले.

दादाच्या हातात घास तसाच होता. कॅमेरा मी बंद केला नाही. दादाने घास ताटात ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “तिला सांग, परत घेऊ.”

आठव्या टेकला ती “हो” म्हणाली.

एडिटिंगला मी तो सातवा टेक कितीदा पुढेमागे केला असेल, देव जाणे. शेवटी मी तोच चित्रपटात ठेवला आणि पंगतीला लावला. मला वाटलं, सगळ्यांसमोर आलं म्हणजे कुणाला तरी बोलावंच लागेल. माहेरी आणि सासरी दोन्हीकडे मी तोंडाळ म्हणून प्रसिद्ध. त्या दिवशीही ऐनवेळी काहीतरी ठणकावून सांगेन, असा माझा मलाच भरवसा होता.

वहिनी पडद्यावर बोलायला लागली आणि आईची मान खाली गेली. काका खोकले. दादा मोबाइल बघत होता. खरी वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने पडद्याकडे बघितलंच नाही, ती माझ्याकडे बघत होती. मी वेळ टिपून घेतली. सवयीने हात चालला, असं मी स्वतःला नंतर पुष्कळदा सांगून बघितलं. खोटं आहे ते. मी घाबरले. आईला नाही, दादालाही नाही. ही पंगत मोडली तर आपण सगळे एकमेकांसमोर काय म्हणून बसणार, याला घाबरले.

सातवा टेक पुसला, त्या जागी आठवा लावला. आई मागे येऊन उभी राहिली. “गेलं?”

“गेलं,” मी म्हटलं. मग न राहवून विचारलं, “आई, तुला कळलं ना ती काय बोलली?”

“कळलं म्हणून तर मान खाली गेली,” आई म्हणाली आणि चुलीकडे गेली.

तो चित्रपट आमचा सगळ्यात जास्त चालला. मुरबाडच्या हॉलमध्ये त्या “हो”ला बायकांनी डोळ्यांना पदर लावले. वहिनीला शाल-श्रीफळ मिळालं. सापगावहून तिचे आईवडील चार नातेवाईक घेऊन आले आणि पहिल्या रांगेत बसले.

पावसाळा संपल्यावर वहिनी एक पिशवी घेऊन सापगावला निघून गेली. आठ दिवसांनी तिचा मला मुरबाडला फोन आला. मी मेथी निवडत होते.

“ताई, त्या दिवशीचं माझं आहे ना तुमच्याकडं?”

“कुठलं?” मी विचारलं. मला कळलं होतं कुठलं.

“मी बोलली ते. तेवढं पाठवा. बाबांना दाखवायचंय. ते मला आपलं पिक्चरच दाखवतात मोबाइलवर. म्हणतात, किती जपतो तुला, आमी डोळ्यांनी बघितलंय. माझ्या तोंडचं त्यांना खरं वाटत नाय. पडद्यावरचं वाटेल.”

मी म्हटलं, बघते. शहापूरला जाऊन दोन्ही डिस्क उलट्यापालट्या केल्या. कार्डावर तोवर तीन लग्नं चढली होती. कल्याणला एकाकडे पुसलेलं परत काढून देतात असं ऐकलं म्हणून तिथे गेले. तो म्हणाला, “ताई, फार नीट पुसलंय तुम्ही.”

मग मी स्वतःच सापगावला गेले. तिच्या वडिलांसमोर बसून सगळं सांगितलं, अगदी शब्द न् शब्द. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मला चहा दिला आणि म्हणाले, “तुमचं बहीणभावांचं कायतरी बिनसलं असंल. त्यात माझ्या पोरीचा संसार कशाला?” वहिनी आतून ऐकत होती. मी निघाले तेव्हा दारापर्यंत आली. “नाय ना ते?” तिने विचारलं. मी मान हलवली. “बरं,” ती म्हणाली. तिने शिव्या दिल्या असत्या तर समोरून गेलेली बस तरी मला धड दिसली असती. ती चुकली आणि मी दुसरीची वाट बघत फाट्यावर उभी राहिले.

दोन दिवसांनी तिचे वडीलच तिला किन्हवलीला आणून सोडून गेले. दादाने त्यांच्याशी पाऊसपाण्याच्या गप्पा मारल्या.

गेल्या महिन्यात नवा चित्रपट केला. तेच स्वयंपाकघर, तेच ताट, आणि शेवटी तोच प्रश्न, कारण लोकांना तो हवाच असतो. दादा म्हणाला, “तिला सांग, मनापासून म्हण.” मी सांगितलं. कॅमेरा लागला. दादाने विचारलं आणि वहिनी त्याच्याकडे बघून, हसून, वेळेवर “हो” म्हणाली. पहिल्या टेकला. “बघ,” दादा मला म्हणाला, “आता जमायला लागलं तिला.”

त्या चित्रपटाच्या पंगतीत कुणाचीच मान खाली गेली नाही. तरी आई सवयीने माझ्या मागे येऊन उभी राहिली. “गेलं?” तिने विचारलं.

पुसायला काही नव्हतंच. वहिनी दारात उभी होती.

“गेलं,” मी म्हटलं.