कुमुदताईंचा कोळी

सकाळी सव्वासातला कुमुदताईंच्या मीराचा फोन आला. "मावशी, मम्मा गई... नींद में ही," एवढंच म्हणाली. मी चहाचा कप ओट्यावर ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले. रडू यायच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच त्या वाटण्याची लाजही वाटली. आज दीड महिन्यानंतर ती लाज उरलेली नाही. कुमुदताईंना जे पाहायचं होतं ते पाहून त्या गेल्या.

मी साताऱ्याहून चंदीगडला आले ती दातांच्या कॉलेजात शिकवायला. सेक्टर बावीसमध्ये खोली मिळाली आणि वरच्या मजल्यावर कुमुदताई बोरकर राहतात असं कळलं. त्या वर्ध्याच्या, विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवायच्या. नवरा अकाली गेलेला, पदरात चार वर्षांची मीरा. पहिल्याच आठवड्यात भाजीवाल्यानं मला सडके टोमॅटो दिले तेव्हा म्हणाल्या, "पंजाबी येत नाही नं तुला? मग मराठीत भांडत जा. काहीच समजत नाही, म्हणून घाबरतात ते." मी भांडले. टोमॅटो बदलून मिळाले.

त्यांचा विषय कोळी. गुजरातमधल्या कोळशाच्या खाणीत सापडलेले अंबराचे काही तुकडे त्यांच्याकडे अभ्यासाला आले होते. अंबर म्हणजे झाडाची राळ, जमिनीत गाडली जाऊन दगडासारखी घट्ट झालेली. त्यातल्या एका मधाच्या रंगाच्या तुकड्यात तिळापेक्षा लहान कोळी अडकलेला होता, सुमारे पाच कोटी वर्षांपासून. नर होता. नर कोळ्याच्या तोंडाजवळ दोन आखूड अवयव असतात, त्यांच्या टोकाच्या घडणीवरून जात ओळखतात. नेमकं तिथंच एक दुधी बुडबुडा आडवा आलेला. दुसऱ्या बाजूनं अंबर घासत आत गेलं तरच दिसणार, आणि जरा जास्त घासलं तर सगळंच संपणार. अकरा वर्षं त्यांनी त्याला हात लावला नाही. निवृत्त झाल्या, शहराबाहेर मुल्लानपूरच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या, आणि मग यकृताचा आजार निघाला.

एका दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. "तू कॉलेजात काढलेले दात घासून कागदासारखे पातळ करतेस नं, भिंगाखाली पाहायला? मला तुझे हात पाहिजेत."

"ताई, तो एकच आहे. माझ्याकडून बिघडला तर?"

"एकच आहे म्हणून तर इतकी वर्षं थांबली मी. आता माझे हात थरथरतात बाप्पा. मी गेल्यावर तो कोणाच्या कपाटात पडून राहील, सांग."

मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणवलं नाही.

दर रविवारी सकाळी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर, खिडकीपाशी, बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून मी घासायची. दहा-बारा वेळा घासायचं, पुसायचं, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. चौथ्या रविवारी 'टिक' असा आवाज आला. अंबराला तडा गेला होता. मी तुकडा त्यांच्यापुढं सरकवला. त्या सूक्ष्मदर्शकावर वाकल्या... आणि कितीतरी वेळ वाकलेल्याच राहिल्या. मग म्हणाल्या, "तडा थांबला गं. पायाच्या अलीकडं थांबला." मला हुंदका फुटला. "आधी चहा टाक," त्या म्हणाल्या, "मग रड."

आणखी दोन रविवार गेले आणि त्या अवयवाचं टोक दिसलं. बाभळीच्या काट्यासारखं, पण शेवटी आत वळलेलं. तशी घडण आजवर नोंदलेल्या एकाही कोळ्यात नव्हती. ताईंनी जुने शोधनिबंध पुन्हा पुन्हा तपासले, चित्रं काढली, मीराला सांगून टाईप करून घेतलं. निबंध एका शोधपत्रिकेला पाठवला; तिथं तो तपासणाऱ्या तज्ज्ञांनी शंका काढल्या, त्यांची उत्तरं ताईंनी दवाखान्यातल्या खाटेवरून दिली. मला एकच धास्ती होती, आता वेळ पुरेल ना... निबंध स्वीकारल्याचा मेल आला तेव्हा त्यांना बसवतही नव्हतं. मीरानं तो मोठ्यानं वाचला. ताईंनी डोळे मिटले आणि "झालं बाप्पा," म्हणाल्या. त्यानंतर नऊ दिवसांनी त्या गेल्या.

नव्या जातीला माझं नाव देतील असं मला मनातून वाटत होतं, खोटं कशाला बोलू? त्यांनी वर्ध्याच्या धाम नदीचं नाव दिलं. मात्र आभाराच्या परिच्छेदात माझ्या नावापुढं लिहिलंय: 'तिचे हात माझे झाले.' ते वाचल्यावर नदीबद्दल माझी काही तक्रार राहिली नाही.

गेल्या आठवड्यात मुल्लानपूरच्या घराला रंग द्यायचं काम निघालं म्हणून मी मीराच्या मदतीला गेले. ताईंच्या खोलीत रंगाऱ्यानं छताच्या कोपऱ्यातलं जाळं काढायला झाडू उचलला. मीरा धावली. "भैया, रुको! पहले देखने दो, कौन है."

तो माणूस गोंधळून तिच्याकडं बघत राहिला. मला मात्र हसू फुटलं. कुमुदताई कुठल्याही कोळ्याकडं बघून 'हे काय आहे' असं कधी म्हणाल्या नाहीत. 'कोण आहे बघू,' असंच म्हणायच्या, दारावर पाहुणा आल्यासारखं. मीरानं आईच्या टेबलावरचं भिंग उचललं आणि ती स्टुलावर चढली. रंगारी झाडू खाली टाकून बाजूला झाला. मी स्टूल धरून उभी राहिले.