मार्चमध्ये कुणी नसतं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. वैशालीलाही नाही — आणि वैशाली म्हणजे माझी बायको, जिला मी बनियनच्या भोकांपासून कोलेस्टेरॉलपर्यंत सगळं सांगतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या सोसायटीत राहत नाही, म्हणून असेल.

तसा मी बोलका माणूस. नेरूळच्या आमच्या सोसायटीत गणपतीत माझ्या हातात माईक आला की तो काढून घ्यायला दोन माणसं लागतात. आणि विषय एकच — आमची जुई शाळेत जात नाही, घरीच शिकते, आणि म्हणून आम्ही वाटेल तेव्हा फिरतो. "महाबळेश्वर बघायचं तर मंगळवारी बघा!" हे माझं ठरलेलं वाक्य. लोक हसायचे. तुम्ही मे महिन्यात तिथे गाडी लावायला जागा शोधत फिरता. आम्ही अशा वेळी जातो की हॉटेलवालाच खुर्ची ओढून आमच्याशी गप्पा मारत बसतो. सगळ्यांत लाडका महिना मार्च. घराघरांत परीक्षा, केबल बंद, आया रजेवर — आणि कोकण रिकामं. अख्खा किनारा आमच्या तिघांचा.

जुईला तिसरीनंतर शाळेतून काढलं, ते मी. शाळेत दोन-तीनदा रडली होती. कोण रडत नाही? पण मी तेवढ्यावर तत्त्वज्ञान उभं केलं. मुलांचं बालपण, निसर्गाची शाळा वगैरे. खरं सांगू? मी तळोज्यातल्या कारखान्यांसाठी सुरक्षेच्या सूचना लिहून देतो. 'गळती दिसताच ताबडतोब कळवा' असली वाक्यं. काम घरून, वैशाली दिवसभर बेलापूरला बँकेत — मला घरी एकट्याला करमत नव्हतं.

हा कबुलीचा छोटा भाग. मोठा पुढे आहे. तिकडे यायचं मी टाळतोय, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

सुरुवातीची वर्षं चांगली गेली, हे खोटं नाही. भरती-ओहोटीच्या वेळा मांडून जुई गणित शिकली. रस्त्यावरच्या पाट्यांवरून भागाकार. पण एक सवय तिला लागली होती. कुठेही उतरलो की ती आधी व्हरांड्यात जायची आणि चपला बघायची. लहान मापाच्या. मग येऊन सांगायची, "कुणाच्याच नाहीत, बाबा." मी खूश व्हायचो! गर्दी नाही म्हणून. चार वर्षं ती मला हेच सांगत होती, आणि मी तिकडे आमच्या प्रवासाचं यश मोजत होतो.

बाराव्या वर्षी तिला मनाली भेटली. सारसोळे गावातली, बाप होडीवर जाणारा. संध्याकाळी बॅडमिंटनला दोघी एकत्र. मनाली तिला म्हणायची, "तू येनार हाय ना आमच्या शालेत? माझे बाजूला बस." एकदा जेवताना जुईने ते आम्हाला सांगितलं. मी हसलो. वैशाली हसली नाही. म्हणाली, "तिला जायचंय. देऊ दे प्रवेश परीक्षा."

जुईने स्वतः वेळापत्रक केलं, फ्रिजवर चिकटवलं. सकाळी गजर लावून उठायची. मला काहीही विचारायला आली नाही. मी तिच्या खोलीवरून उगाच फेऱ्या मारायचो. चहा हवा का? पेन्सिल हवी का? नको होती. फेब्रुवारीत परीक्षा झाली.

मार्चमधल्या एका सकाळी फोन आला. शाळेतल्या मॅडम होत्या. मुलीचा पेपर छान झालाय, आम्ही प्रवेश देतोय, सोमवारपर्यंत कागदपत्रं आणून द्या. मी म्हटलं, "हो मॅडम. थँक्यू मॅडम." फोन ठेवला. जुई गॅलरीत कपडे वाळत घालत होती. हातात चिमटा तसाच घेऊन आत आली.

"कुणाचा फोन?"

"शाळेचा." इथपर्यंत मी खरं बोललो, बघा. मग म्हणालो, "नाही झालं गं, बाळा."

का? त्या एका क्षणात माझ्या डोक्यात काय होतं? गणपतीतला माईक होता. 'आली ना शेवटी शाळेतच!' म्हणणारे चेहरे होते. रिकामं घर होतं. तिचा चेहरा मात्र — तो समोर होता, आणि तोच मला दिसला नाही.

"किती कमी पडले?"

"ते सांगत नाहीत."

ती चिमटा उघडत-मिटत राहिली. मग म्हणाली, "माझं इंग्लिश वाईट गेलं होतं ना." आणि मी — हे नीट ऐका, कारण माझ्या मते सगळ्यात वाईट हेच आहे — मी म्हणालो, "असेल."

संध्याकाळी वैशाली म्हणाली, "मी जाऊन भेटू का मॅडमना?" मी म्हटलं, "कशाला त्यांच्या पाया पडायचं?" स्वाभिमानाने म्हटलं. छान जमलं. आणि शनिवारी मुलीचं मन रमावं म्हणून मी दोघींना गुहागरला घेऊन गेलो. ऑफ-सीझन. मंगळवारी किनाऱ्यावर शाळेचा पुन्हा फोन आला. मी कापला. "इन्शुरन्सवाले," म्हटलं. त्या खेपेला जुईने व्हरांड्यात चपला बघितल्या नव्हत्या.

नंतरचं थोडक्यात सांगतो. बॅडमिंटन सुटलं — मनालीला काय सांगणार? दहावीला ओपन बोर्डाचा फॉर्म भरला. वाशीच्या परीक्षा केंद्राच्या गेटपर्यंत गेली आणि त्याच रिक्षाने परत आली. दार मी उघडलं. "मला परीक्षा जमत नाहीत, बाबा. माहितेय ना तुला." मला माहितेय. पुढच्या वर्षी फॉर्मसुद्धा भरला नाही. मनाली आता नर्सिंगला आहे. बाजारात दिसली तर जुई रस्ता ओलांडून पलीकडे जाते. जुई एकोणीस वर्षांची आहे आणि माझ्या सूचना टाइप करून देते. 'गळती दिसताच ताबडतोब कळवा' हे वाक्य तिने किती वेळा टाइप केलं असेल? एकही चूक नसते तिची. इंग्लिशमध्येही.

सात वर्षांत मला सांगता आलं असतं. त्या पहिल्या सोमवारच्या आत सांगितलं असतं, तर सगळंच वाचलं असतं. आता सांगणार आहे का? नाही. आजही ती ताट घेऊन माझ्या समोर बसते, तेव्हा मी वर बघतो आणि मीठ मागतो.

गेल्या महिन्यात बी विंगमधलं एक तरुण जोडपं आलं. त्यांच्या मुलाला शाळेत घालू की नको, हा प्रश्न. माझी कीर्ती ऐकून आले होते. मी सुरू होणार, तोवर जुई चहा घेऊन आली. ती सहसा परक्यांसमोर बोलत नाही. त्या दिवशी बोलली.

"मला शाळेने घेतलं नव्हतं," ती म्हणाली. "बाबाने घेतलं. नापास झाले तेव्हा एका शब्दाने बोलला नाही. उलट फिरायला घेऊन गेला."

वैशालीने तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या जोडप्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने मला आजवर माईक हातात असतानाही कुणी पाहिलं नव्हतं. मी फोन काढला आणि त्यांना गुहागरच्या त्या घरगुती हॉटेलचा नंबर दिला. म्हटलं, मार्चमध्ये जा. मार्चमध्ये तिथे कुणी नसतं.