गडग्यातला एक चिरा

गुरुदास गवंड्याला जामसंड्याच्या आसपास सगळे ओळखत ते दोन गोष्टींसाठी: त्याचा ओळंबा आणि त्याचा ताठा. त्याने बांधलेली भिंत केसभरही कलायची नाही आणि तो स्वतः तर त्याहून नाही. दोन वर्षांपूर्वी परांचीवरून पडून त्याचा गुडघा कामातून गेला, तेव्हा घरात बसलेल्या या माणसाचं करायचं काय, हा प्रश्न त्याची बायको मथुरा हिला पडला. मुलगी आकांक्षा पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत होती. तिने घरी एक जुना कॉम्प्युटर पाठवला आणि त्यात ठोकळे रचून घरंदारं बांधायचा खेळ घालून दिला.

"चिरो असो चौकोनी असता काय गो?" पहिल्या दिवशी त्याने नाक मुरडलं. महिनाभरात मात्र मथुराला त्याला जेवायला तीन हाका माराव्या लागू लागल्या.

एका चिऱ्याला एक ठोकळा, असा हिशेब धरून त्याने आपलं घर बांधलं. आकांक्षाने सर्व्हरचा पत्ता गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि मुंबई, पुणे, मस्कत इथे पांगलेली माणसं एकेक करून येऊन आपापलं घर उभारू लागली. वर्षभरात देऊळ झालं, तळी झाली, शाळा झाली. प्रत्येक ठोकळा चिऱ्याहून मोठा, त्यामुळे हे गाव खऱ्या गावाच्या तिप्पट झालं होतं. गणेशचवथीला सगळे घरी आले की देवळाच्या सभामंडपात पडद्यावर ते दाखवायचं, असं ठरलं.

मग नासधूस करणारे आले. कुठल्याशा परक्या पोरांनी पत्ता मिळवला आणि भरदुपारी देवळावर लाव्हा ओतला. गुरुदासने आकांक्षाला फोन लावला. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. आकांक्षाने पुण्याहून काही बटणं दाबली आणि दोन मिनिटांत देऊळ जसंच्या तसं उभं राहिलं.

"ह्यां कसां केलंस?"

"बाबा, कोणी खंयचो ठोकळो कधी लावल्यान, कधी काढल्यान, सगळां लिवलेलां असता. तितक्यांच उलटां फिरवलंय."

झालेलं उलटं फिरवता येतं, याचं गुरुदासला फार नवल वाटलं. दोन दिवस तो ज्याला त्याला तेच सांगत होता.

त्या दिवसापासून तो त्या गावाचा राखणदार झाला. आकांक्षाने सगळं शिकवलं. नोंदी कशा वाचायच्या, सोन्याचं फावडं घेऊन जागेचे दोन कोपरे दाखवले की त्या जागेवर राखण कशी बसते, मग परक्याला तिथला एक ठोकळाही कसा हलवता येत नाही. नव्या माणसाला गुरुदास आधी तळीचा एक बांध घालायला लावी. ज्याने स्वतः चार चिरे लावले तो दुसऱ्याचे काढत नाही, हा त्याचा चाळीस वर्षांचा अनुभव. गावाची राखण करणाऱ्या देवाला, खऱ्या राखणदाराला, वर्षाला कोंबडा मिळतो; याला मथुराचा चहा मिळे, तोही बोलण्यांसकट.

सगळ्या घरांवर राखण बसली. स्वतःच्या घरावर मात्र त्याने ती बसवली नाही. माझ्या भिंतीला कोण हात लावतो, हा त्याचा ताठा.

आणि नेमका तिथेच हात लागला. चवथ तीन आठवड्यांवर आली असताना त्याच्या आवाराच्या गडग्यातून एक चिरा गेला. गडगा म्हणजे दोन आवारांमधली, चुन्या-सिमेंटाशिवाय नुसते चिरे रचून घातलेली भिंत. तिसऱ्या थरातला एकच चिरा गेला होता. गुरुदासने तो परत लावला. दुसऱ्या दिवशी तोच चिरा पुन्हा नाही. असं पाच दिवस चाललं.

नोंदीत नाव होतं 'पावणो', खेळापुरतं घेतलेलं टोपणनाव; खरा माणूस कोण ते त्यावरून कळत नव्हतं. वेळ रोज दुपारी एक ते दीडच्या मधली.

"बाबा, बंदी घाला त्याका," आकांक्षा फोनवर म्हणाली. "एक बटण दाबूचा आसा. आज एक चिरो काढता, उद्या घर पाडीत. चवथीक लोकांका काय दाखवतलास?"

"चोर चिरो काढून नीट पेटीत ठेवता काय गो?"

कारण पावण्याने काढलेले पाचही चिरे गडग्याच्या पायथ्याशी एका पेटीत ठेवले होते. मोडणारा माणूस मोडून पळतो. हा तर हाताखालच्या माणसासारखा आवरून जात होता. बंदी घातली तर प्रकरण मिटणार होतं, पण हा कोण आणि याला हाच चिरा का खुपतो, ते मग कधीच कळणार नव्हतं. गुरुदासने एक दिवसाची मुदत मागून घेतली.

आपलंच काही चुकलं असेल का? हा विचार त्याला सहसा शिवत नसे. तरी तो टेप घेऊन, गुडघा सांभाळत, मागच्या दारी खऱ्या गडग्याकडे गेला. विहिरीकडून सातवा चिरा, तिसरा थर. त्याने शेवाळ खरवडलं. सगळा गडगा सुका रचलेला, आणि या एकाच चिऱ्याभोवती सिमेंट. थापीचा हात त्याचा स्वतःचा होता.

खरं तर टेपची गरजच नव्हती. पण काही गोष्टी माणसाला माहीत असतात आणि तरी त्याला त्या मोजूनच बघायच्या असतात.

गडग्यापलीकडे थोरला भाऊ महादू राहायचा. वाटणी झाली तेव्हा आईने एकच अट घातली होती: गडग्यात एक चिऱ्याएवढी जागा मोकळी ठेवायची. त्यातून रोज दुपारी वाटी जायची. इकडे बांगड्याचं तिखलं झालं की तिकडे, तिकडे तिसऱ्या-शिंपल्यांची एकशिपी झाली की इकडे. "वाटी रिकामी धाडू नये रे," आई म्हणायची. "काय नाय तर चिमटीभर साखर घाल." आई गेली, आणि वर्षभरात गडगा नव्याने रचताना महादू म्हणाला, "वीतभर माझ्या बाजूक सरकलो तुझो गडगो." गुरुदास गवंड्याची रेघ वीतभर चुकली! त्याने त्याच दिवशी ती जागा चिरा घालून सिमेंटने बुजवली. दुसऱ्या दिवशी दुपारी पलीकडून त्या चिऱ्यावर वाटी वाजली. एकदा, मग पुन्हा एकदा. गुरुदास पानावर बसला होता. तो जेवत राहिला.

पुढे महादू मुलाकडे डोंबिवलीला गेला. चवथीला येतो, चवथ करून जातो. अकरा वर्षांत दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

गुरुदास घरात येऊन कॉम्प्युटरसमोर बसला. एक बटण दाबलं की पावणो कायमचा बाहेर. ही बंदी त्याने आधी एकदा घातलेलीच होती, आणि ती उठवायचं बटण कुठल्याच खेळात नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी कान तापेपर्यंत.

त्याने सोन्याचं फावडं घेतलं आणि राखण बसवली, ती गडग्यावर नव्हे, त्यातल्या मोकळ्या जागेवर. ही राखण त्याने स्वतःलाही लागू केली; आता तिथे कोणालाच चिरा लावता येणार नव्हता, गुरुदासलाही नाही. आत त्याने आधीच एक छोटी पेटी ठेवली होती, कोणालाही उघडता येईल अशी. त्या खेळात बांगड्याचं तिखलं मिळत नाही, अळंब्यांचं कालवण मिळतं. त्याने ते वाटीभर करून पेटीत ठेवलं.

तरी मनात शंका होतीच. पावणो महादू कशावरून? त्याचा मुलगा असेल, नातू असेल, नाहीतर कोणी भलताच, आणि आपण त्याला कालवण वाढून बसलोय.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने घाईघाईने जेवून घेतलं. दीड वाजता हात धुऊन त्याने नोंदी उघडल्या.

एक वाजून दहा मिनिटं. पावणो: पेटी उघडली. कालवणाची वाटी घेतली.

एक वाजून बारा मिनिटं. पावणो: रिकामी वाटी ठेवली.

गुरुदासचा चेहरा उतरला. रिकामी वाटी. म्हणजे कोणी भलताच. मग त्याला खाली आणखी एक ओळ दिसली.

एक वाजून वीस मिनिटं. पावणो: साखर ठेवली, एक.

मधली आठ मिनिटं कशात गेली, ते गुरुदासला कळलं. त्या खेळात साखर हवी तर तळीच्या काठी जाऊन ऊस तोडून आणावा लागतो. बासष्ट वर्षांचा महादू एका चिमटीसाठी तेवढं चालून गेला होता.

गुरुदास काठी टेकत उठला.

"मथुरा," त्याने मागच्या दारातून हाक मारली, "माझी छिन्नी खंय आसा गो?"