चंद्रीवर दोघं

कळव्याच्या मिठागरातलं मीठ तट्टांवर लादून नाणेघाटानं जुन्नरला नेणारे तेव्हा पुष्कळ होते. येताना पाठी मोकळ्या, मग गडी ऐटीत स्वार होऊन यायचे. एकटा महिपत तेवढा लगाम धरून पायी. त्याची घोडी चंद्री चांगली धडधाकट, अन् हा आपला पुढं धूळ खात! लोक म्हणत, येडा आहे. येडा कसला? लाजलेला होता, आणि लाजायलाच हवं होतं त्यानं.

त्याचं असं झालं. एका चैत्रात निरोप आला, बायजाची आई घाटमाथ्यावरच्या घाटघरला शेवटच्या घटका मोजतेय. बायजा म्हणजे महिपतची बायको. मिठागरात शिंपला घुसून तिचा तळवा चिरलेला, खाऱ्या पाण्यानं चिघळलेला. पाय टेकवत नव्हता. महिपतनं भरलेल्या गोणी तशाच टाकल्या, तिला चंद्रीवर मागं बसवलं अन् निघाला. इथवर माणूस चांगलाच की!

दुसऱ्या दिवशी घाट लागला. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. चंद्री दगड हुंगून पाऊल टाकत होती. बायजानं नवऱ्याची कंबर घट्ट धरलेली.

"अवं, आई भेटंल ना?"

"भेटंल की. गप बस."

तेवढ्यात वरून घंटा वाजल्या. तट्टूवाल्यांचा तांडा उतरत होता, सगळे ओळखीचे. नवरा-बायको एका घोड्यावर, तेही कंबर धरून! वर्षभर प्रत्येक मुक्कामाला चेष्टा झाली असती. महिपतनं लगाम ओढला.

"उतर," तो म्हणाला.

"पाय..."

"वळणापतुर. उतर म्हंतो ना!"

ती उतरली. अरे बाबा, एवढी लाज वाटत होती तर स्वतः उतरायचं होतंस! पण बायको घोड्यावर अन् नवरा पायी, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. तो ताठ बसून राहिला. तांड्यातल्या परशुरामनं रामराम घातला, मागं लंगडणारी बायजा पाहिली, अन् तट्टू हाकत निघून गेला.

"चल, बस आता," महिपत म्हणाला.

बायजा थांबली नाही. "वर अजून कुनी भेटंल," एवढंच बोलली अन् दगडांना धरत पुढं झाली. तेव्हाही हा उतरला नाही. उतरणं म्हणजे चूक कबूल करणं ना! पुढच्या दगडांवर रक्ताचे ठिपके होते, आणि चंद्री ते हुंगत चालली होती.

म्हातारी जिवंत होती. डोळे गेलेले, श्वास वरवर. लेकीचा हात चाचपत तिनं विचारलं, "कशी आलीस गं बाय?"

"ह्यांनी घोड्यावर आनलं, आये. पाय भुईला लागू दिला न्हाई."

म्हातारीचा चेहरा फुलला. जावई दारी आला की त्याचे पाय धुवायची रीत. "मंग धू त्यांचं पाय," ती म्हणाली. "माझ्यानं उठवत न्हाई. तुझ्या हातानं धू. मला पानी ऐकू येऊ दे."

बायजानं परात आणली, तांब्या आणला. खाली बसताना दुखरा पाय लुगड्याखाली ओढून घेतला. महिपतला पाय मागं घेता येईना. ती सावकाश पाणी घालत राहिली, म्हातारीला ऐकू जाईल असं.

परातीतलं पाणी होतं तसंच नितळ राहिलं. त्याच्या पायांना धूळच लागली नव्हती.