लाल दोऱ्यातली नावं

सासूबाईंची जुनी गोधडी गच्चीवर उन्हात घातली, तेव्हा कोपऱ्यात लाल दोऱ्याने घातलेलं नाव दिसलं: यमू. घरात त्या कायम लक्ष्मी. लग्नात ताटभर तांदळात अंगठीने लिहून सासरने दिलेलं नाव. शेजारच्या ठिगळांवर आणखी चार नावं होती, सोबत शिवायला बसणाऱ्या गल्लीतल्या बायकांची, सगळी माहेरची.

जुन्या गोधड्या जमवणारे एक गृहस्थ बघायला आले. "टाके काय सुरेख आहेत! तेवढी नावं उसवून द्या, शोभा जाते."

तांदळातलं नाव ताट हललं की मोडतं. यमूने सुईने लिहिलं. इतक्या धुण्यांत एक टाका सुटलेला नाही.

"उसवणार नाही," मी म्हटलं. ते गेल्यावर लाल दोरा ओवला आणि यमूशेजारी माझं लग्नाआधीचं नाव घातलं.