चिनोर भाताचा वास
आज कुकरमधून चिनोर तांदळाचा वास सुटला आणि उकवा गावाकडची ती डोंगरवाट आठवली. तेव्हा मी शाळेत शिकत होतो. धबधबा पाहायला बाबांबरोबर बांबूच्या रानातून चढत होतो. भूक लागली होती, तेवढ्यात हाच वास आला. "बाबा, कोनीतरी भात रांधून राह्यलं!" बाबा जागीच थांबले. माझा खांदा घट्ट धरून हळूच म्हणाले, "इथं घर कुठं हाये? पळू नोको. पाठ नोको दाखवू." शेजारच्या खोडावर ओला ओघळ अजून खाली सरकत होता. एकही पाखरू बोलत नव्हतं. उलट्या पावलांनी आम्ही रस्त्यापर्यंत उतरलो. तिथं बाबांना कंठ फुटला, "वाघ मुतते तं असाच वास येते." चिनोर मला अजूनही आवडतो, फक्त पाठ भिंतीला टेकल्याशिवाय पहिला घास उतरत नाही.