मागच्या दाराने आलेला बैल

"बघा रे, बघा. याला म्हणतात वळण. शिका काहीतरी हिच्याकडून."

मॅडम असं म्हणाल्या आणि दिवाणखान्यातली सगळी पोरं माझ्या सानूकडे बघायला लागली. सानू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. हातात लाकडी बैलाची दोरी. पाय उघडे, कारण चप्पल तिने मागे भांडी घासायच्या जागेजवळ काढली होती. बाकीची पोरं पुढच्या दाराने आली होती. आपापले बैल ओढत, ओरडत, एकमेकांना ढकलत, तशीच सोफ्यावर चढलेली. माझी पोरगी घराला वळसा घालून मागून आली होती. तिला त्या घरात कोणी तसं सांगितलं नव्हतं.

मी सांगितलं होतं.

आणि मॅडमचे शब्द ऐकून माझी छाती फुगली. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर पुढे मी ते लपवेन. चारचौघांत माझ्या पोरीचा अपमान होत होता आणि मी पुऱ्या तळता तळता खूश होत होते.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. खऱ्या बैलांचा सण आदल्या दिवशी, पोरांच्या लाकडी बैलांचा दुसऱ्या दिवशी. पोरं नटूनथटून बैल ओढत घरोघरी जातात. घरची बाई बैलाच्या पायावर पाणी घालते, कुंकू लावते, ओवाळते आणि पोराच्या हातात बोजारा ठेवते. कुठे खाऊ, कुठे रंगपेटी, कुठे दहाची नोट. त्या दिवशी पोर कोणाचंही असो, दारात आलं की पाहुणं असतं. वर्षातला हा एक दिवस असा की मोठी माणसं पोरांची वाट बघत दारात उभी राहतात. अशा दिवशी मी माझी पोरगी मागच्या दाराने नेली.

मी पवनारची. रोज सकाळच्या बसने वर्ध्याला यायचे आणि कॉलेजातून रिटायर झालेल्या या मॅडमकडे स्वयंपाक करायचे. वाईट बाई नाही ती. खादी नेसते. जेवल्यावर आपलं ताट आपण उचलते. माझा चहाचा कप वेगळा नव्हता. मला कधी नुसत्या नावाने हाक मारली नाही, "बाई" म्हणायची. याआधी ज्या घरांत मी काम केलं तिथे मागचं दार दाखवून दिलं जायचं. इथे पहिल्या दिवशी मी आपणहून मागे गेले. कोणी सांगितलं नाही. कोणी थांबवलंही नाही. मग ते तसंच चालू राहिलं, आणि मला त्यात काही खटकलंही नाही, कारण माझी आई आष्टीला ज्या घरी दळण-कांडण करायची तिथेही आम्ही मागूनच जायचो आणि अंगणात उकिडवं बसून राहायचो.

सानूला शाळेला सुट्टी असली की मी सोबत आणायचे. घरी ठेवायचं कोणाजवळ? नवरा कंपनीत, पाळीवर. आणायचं म्हणून मग शिकवलं. बसमध्ये शिकवलं, घरी वेणी घालता घालता शिकवलं.

"सोफ्यावर बसजो नको. खाली बसजो."

"खायले देतील तं पयले नको म्हणजो."

"त्या घरच्या पोराले दादा म्हणजो. मांगलं तं देऊन देजो."

पोरगी हुशार. एकदा सांगितलं की डोक्यात पक्कं. मी दुसऱ्यांदा सांगितल्याचं मला आठवत नाही. शेजारणी म्हणायच्या, तुझी पोरगी भारी गुणाची आहे हो. मीही म्हणायचे, आपण गरीब असलो तरी पोरीला वळण आहे. त्या वळणाची मला इतकी मिजास होती की दुसऱ्याच्या पोराने दुकानात हट्ट केला की मी नाक मुरडायचे.

तर त्या दिवशी मॅडमनीच सांगितलं होतं, सानूलाही आण, आमच्याकडे सगळ्या कॉलनीची मुलं येणार आहेत. सानू आठ दिवस आधीपासून तयारीला लागली. तिचा बैल माझ्या बापाने तळेगावच्या बाजारातून आणलेला. सागवानी, छोटा, चाकांचा. माझ्या लग्नातल्या ब्लाउजचा तुकडा कापून तिने त्याला झूल शिवली, टाके वाकडेतिकडे. शिंगांना बेगड लावली. त्याचं नाव ढवळ्या ठेवलं, आणि रात्री झोपताना त्याच्यासमोर वाटीत पाणी ठेवायची.

मॅडमनी दिवाणखान्यात सगळ्या बैलांना ओवाळलं. फोटो झाले. मग कोणीतरी म्हणालं, ती एक राहिली. तेव्हा सानू उंबऱ्यात दिसली आणि ते वळणाचं बोलणं झालं. मॅडम तबक घेऊन आत आल्या, ओट्याजवळ, जिथे मी तळत होते. तबकातली वात तोवर विझली होती. त्यांनी तसंच फिरवलं. सानूने बैल पुढे केला, वाकून पाया पडली. चॉकलेटचा पुडा पुढे केल्यावर आधी "नको" म्हणाली. मॅडम हसल्या. "पाहिलंत?" त्यांनी बाहेर बघून म्हटलं.

त्यांचा नातू मागोमाग आत आला. पुण्याहून आलेला, पाच वर्षांचा. त्याच्याकडे नागपूरहून आणलेला मोठा बैल होता, गुडघ्याएवढा. त्याने ढवळ्याच्या झुलीला हात लावला आणि म्हणाला, "मला हा हवा."

"अरे, असं नाही करायचं," मॅडम म्हणाल्या. हळू म्हणाल्या. आणि माझ्याकडे बघितलं.

सानूनेही माझ्याकडे बघितलं.

तो क्षण मी कितीदा तरी उलटापालटा करून पाहिला आहे. मॅडमच्या बघण्यात हुकूम नव्हता. नुसती वाट होती. ही बाई शहाणी आहे, हिला समजेल, असं ते बघणं. आणि सानूच्या बघण्यात सगळा जीव होता. आई, आता तरी नाही म्हण. एवढंच ती मागत होती. माझ्या हातात झारा होता. मी मान हलवली. होकारार्थी.

"घ्या दादा," सानू म्हणाली. आठ वर्षांची पोर पाच वर्षांच्या पोराला. दोरी त्याच्या हातात दिली, आणि हसलीसुद्धा. हसायला मी शिकवलं नव्हतं. ते तिचं तिने जोडलं.

मॅडमनी तिच्या गालाला हात लावला. "किती समजूतदार आहेस गं." मला म्हणाल्या, "छान वाढवलंयस हो." मी म्हटलं, "तुमचाच आशीर्वाद."

हे मी म्हटलं. याच तोंडाने.

दुपारी परत निघालो. बसमध्ये खिडकीजवळ मी, शेजारी सानू. तिचं अर्धं तिकीट काढलं होतं. मांडीवर चॉकलेटचा पुडा, न फोडलेला. पुड्याच्या कडेवरून ती बोट फिरवत होती. मग म्हणाली, "आई, आज मी चांगली वागली ना?"

"हो," मी म्हटलं.

पुढच्या थांब्यावर एक तरणाताठा माणूस चढला. इस्त्रीचा शर्ट, हातात बॅग. आमच्या सीटजवळ येऊन उभा राहिला. तो काही बोलला नाही, खाकरलासुद्धा नाही. सानू आपणहून उठली. पुडा छातीशी धरला आणि दांड्याला लटकून उभी राहिली. तो बसला. तिच्याकडे त्याने बघितलंही नाही. मोबाईल काढला.

 मी म्हटलं, "भाऊ, पोरीची जागा हाय ते. तिकीट हाय तिचं."

तो म्हणाला, "मी कुठं उठवलं? ते सोताच उठली ना."

खरंच होतं त्याचं. ती स्वतःच उठली होती. ढवळ्याही तिने स्वतःच दिला होता. मागच्या दारानेही ती स्वतःच गेली. कोणालाच काही करावं लागलं नव्हतं. जे करायचं ते मी घरी, वेणी घालता घालता, करून ठेवलं होतं. ज्यांना पोरीची जागा हवी त्यांना तोंड उघडायचीही तसदी नको, अशी पोरगी मी तयार करून दिली होती. आणि वर लोकांची शाबासकी घेत होते.

"उठा," मी त्या माणसाला म्हटलं. आवाज इतका मोठा निघाला की कंडक्टरने मागे वळून बघितलं. तो पुटपुटत उठला. पण सानू बसेना. माझा पदर ओढत म्हणाली, "आई, राहू दे ना. सारे पाहून राह्यले." पवनार येईपर्यंत ती उभीच राहिली. रिकाम्या सीटकडे बघत मी आले. इतकी लाज मला मागच्या दाराची कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सानूला घेऊन गेले आणि पुढच्या दाराची बेल वाजवली.

मॅडमनी दार उघडलं. "अगं, मागचं दार उघडंच आहे की."

"माहीत हाय. बैल न्यायले आली."

त्यांना आधी कळेना. मग चेहरा पडला. "तो तर त्याला जवळ घेऊन झोपला होता. आता लहान मुलाकडून कसं काढून घ्यायचं? मी हिला दुसरा आणून देते. याच्यापेक्षा मोठा."

"लहान तं हेही हाय, मॅडम."

"हिला समजतं गं. ही समजूतदार आहे."

"समजूतदार मीच केली तिले. चुकलं माह्यं."

मी सानूला म्हटलं, "मांग तुह्या तोंडानं. तुहा बैल हाय." मला वाटलं, पोरगी मागेल आणि सगळं भरून निघेल. सानूने मान खाली घातली. म्हणाली, "राहू दे. दादाले आवडला."

मॅडमच्या डोळ्यांत मी बघितलं. त्यात दया होती. माझी दया. बघ, तुझ्या पोरीला आहे तेवढंही वळण तुला नाही, असं काहीतरी. मी चप्पल काढून आत गेले, सोफ्यावरून बैल उचलला. नातवाने जमिनीवर अंग टाकलं, पाय आपटले, मला हाताला चावला. मॅडम एवढंच म्हणाल्या, "हे बरं नाही केलंस. एका खेळण्यासाठी?" मी बैल काखेत घेऊन चप्पल घातली. एका खेळण्यासाठी नव्हतं, पण ते सांगायला बसले असते तर रडले असते आणि तिथे मला रडायचं नव्हतं.

संध्याकाळी मॅडमच्या सुनेचा फोन आला. उद्यापासून येऊ नका. कॉलनीतल्या दुसऱ्या एका घरी कामाचं बोलणं चाललं होतं, तेही फिसकटलं. बाई उद्धट आहे, लहान मुलाच्या हातचं हिसकावते, असं झालं. काही दिवस हाल झाले. आता एका मेसमध्ये पोळ्या लाटते.

कोणाला वाटेल, बैल मिळाला, जिंकले. तसं काही नाही. सानू ढवळ्याला हात लावत नाही. एकदा मला म्हणाली, "दादा किती रडत होता. आपण वाईट आहो ना, आई?" माझ्याजवळ उत्तर होतं, पण आठ वर्षांच्या पोरीला पुरेल असं नव्हतं. जे मी इतकी वर्षं तिच्यात भरलं ते एका दिवसात, एका बैलाने, कसं निघेल? शिकवताना मला काहीच कष्ट पडले नव्हते. काढताना पोरगी सोलली जाते आहे आणि तेही माझ्याच हाताने.

गेल्या रविवारी भासरे आले होते, माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. चटईवर पाय पसरून बसले. सानू बाजूला चित्र काढत होती. भासरे म्हणाले, "ए पोट्टे, पाणी आण."

सानूने मान वर केली नाही. म्हणाली, "तुमीच घ्या ना मोठेबाबा. माठ जवळच हाय. मी चित्र काढून राह्यली."

 नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. भासऱ्यांनी बघितलं. त्या घरात मॅडमनी बघितलं होतं तसंच, वाट बघणारं. आणि माझा हात, हा माझाच हात, उठला. सानूच्या कानशिलाजवळ गेला. इतकी मी अजून तीच आहे. सानूने रंगाचा खडू घट्ट धरला आणि डोळे मिटून घेतले.

मी हात खाली घेतला.

"पोरीले काही वळण लाव," भासरे म्हणाले.

"लावलं होतं," मी म्हटलं. "आता काढून राह्यली."

ते पाणी न पिता गेले. नवरा दोन दिवस बोलला नाही. पुढेही होईल असं. नात्यात होईल, शाळेत होईल, लग्नाच्या वेळी तर नक्की होईल. आगाऊ म्हणतील, आईने बिघडवली म्हणतील. म्हणू द्या. उद्या ती मलाही नाही म्हणेल, माझ्या मनाविरुद्ध, मला तिची फार गरज असेल तेव्हा. तिचा तो नकार मी ऐकेन. आणि कधीतरी मोठी होऊन ती मला विचारेल, आई, तेव्हा तू मान काऊन हलवली होती? तेव्हा गरिबीचं नाव घेणार नाही. मॅडमचंही घेणार नाही. भ्याली होती मी, असं तिच्या तोंडावर सांगेन, आणि मग ती जे बोलेल ते उभ्याने ऐकेन.